साडेआठ आणि सात



महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या नाशकात आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. नाइट ड्यूटी उरकून थेट इथे आलेल्यांचे जरा जास्तच. त्यांच्यासाठी चहा सत्र सुरू असतानाही मिळेल.

परिषदेचा विषय जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न कानावर येतोय : शिक्षण कोणाचे जास्त, डॉक्टरचे की नर्स प्रॅक्टिशनरचे? एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक, एमडीची तीन, झाली साडेआठ. बीएस्सी नर्सिंगची चार, कामाच्या अनुभवाचे किमान एक आणि क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनरची दोन, झाली सात. फरक अवघा दीड वर्षाचा. मी स्वतः फिजिशियन आहे, आणि या बेरजेवर माझा काडीचाही विश्वास नाही.

रात्री तीनला व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा ऑक्सिजन घसरतो. सिस्टर नळी सरकली का बघतात, सक्शन करतात, छाती दोन्हीकडे सारखी हलते का पाहतात. रुग्णापाशी थांबून मिनिटामिनिटाचा बदल टिपायचा, हे त्यांचे शिक्षण. तोवर डॉक्टरच्या डोक्यात कारणे फिरू लागलेली असतात : फुप्फुसाभोवती हवा साठली? रक्ताची गुठळी? न्यूमोनिया? शवविच्छेदनापासून औषधशास्त्रापर्यंतचा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो. तो दोन वर्षांत उरकत नाही, हे स्पष्ट बोललेले बरे. आणि सिस्टरची ती नजर एमडी झाल्याने आपोआप येत नाही, हेही.

कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली अमेरिकेतला पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू झाला. तो लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून उभा केला होता, भांडून नव्हे. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने आखलेल्या अभ्यासक्रमातही बहुतेक वेळ प्रत्यक्ष रुग्णांजवळच जातो. पण एवढे शिकून आलेल्या सिस्टरला पुन्हा जुन्याच पदावर जुनीच ड्यूटी लावायची असेल, तर ती दोन वर्षे कशाला घालवायची?

राहण्याजेवणात काही उणे राहिले तर गोड मानून घ्या. यजमान म्हणून मागणे एकच : उद्याच्या खुल्या सत्रात कोण मोठे यावर वेळ घालवू नका. नर्स प्रॅक्टिशनरने स्वतःच्या अधिकारात काय करायचे, डॉक्टरला केव्हा बोलवायचे आणि तिचे पद कोणते, एवढे ठरावात स्वच्छ लिहून द्या. तो शासनाच्या हाती पोहोचवण्याचे काम स्वागत समितीकडे लागले.