बाळंतिणीची वेदना आणि बाळाचें दूध

बाळंतिणीनें दुखणें सोसावें, असा आपल्या घरांतून जुना समज आहे. पोटावर शस्त्रक्रिया होऊन बाळंतपण झालेलें असतें, कूस बदलतां टांके ओढतात, तरी गोळी पुढें केली कीं ती विचारते, "हें दुधांतून बाळाला बाधणार तर नाहीं?"

तिचा प्रश्न अस्थानीं नाहीं. एके काळीं मुंबईंतील गिरण्यांत राबणाऱ्या बायका कामावर जातांना तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देत, आणि मुलें गुंगींत पडून राहत. मॉर्फीन व कोडीन हीं त्याच अफूंतील द्रव्यें होत.

कोडीन स्वतः सौम्य असतें. यकृतांत त्याच्या कांहीं भागाचें मॉर्फीन बनतें, तेव्हां कोठें वेदना शमते. परंतु कांहीं माणसांच्या शरीरांत हा पालट उपजतच फार वेगानें होतो. अशा मातेच्या दुधांत मॉर्फीन अधिक उतरतें, आणि नवजात बाळाला तें लवकर बाहेर टाकतां येत नाहीं. ट्रॅमॅडॉलचीही गत जवळजवळ अशीच. म्हणून २०१७ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें, अंगावर पाजणाऱ्या मातांनीं हीं दोन औषधें घेऊं नयेत, असा इशारा दिला.

मग वेदना गिळून बसावें काय? मुळींच नाहीं. कॅनडांतील ओंटारियो प्रांतांत आठ लाखांहून अधिक माता-बालकांच्या नोंदी तपासून २०२३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर अफूवर्गीय औषध नेलेल्या आणि न नेलेल्या मातांचीं बाळें महिनाभरांत रुग्णालयांत दाखल होण्याचें प्रमाण सारखेंच, शेंकडा ३.५, आढळलें. सावधगिरी हवी, धास्ती नको.

सावधगिरीचा मार्ग सरळ आहे. प्रथम पॅरासिटॅमॉल व आयब्युप्रोफेन हीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें वेळच्या वेळीं घ्यावीं. तीं दुधांत अत्यल्प उतरतात. तेवढ्यानें न भागल्यास डॉक्टर निवडतील तें तीव्र औषध कमींत कमी मात्रेंत, मोजके दिवस घ्यावें. शेजारणीच्या घरची उरलेली गोळी मात्र कधींही घेऊं नये. बाळ नेहमींपेक्षां फार झोपूं लागलें, पाजावयास उठेना, अंग ढिलें पडलें किंवा श्वास मंदावला, तर क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. आईलाच ग्लानि आली, तर बाळ दुसऱ्याच्या हातीं देऊन डॉक्टरांना कळवावें.

वेदनेनें कण्हणाऱ्या आईला बाळ नीट जवळ घेतां येत नाहीं. तिला आराम मिळणें हा बाळाच्याच हिताचा भाग आहे. घरांतील वडीलधाऱ्यांनीं "सोस" म्हणण्याऐवजीं "डॉक्टरांना विचारूं" एवढें म्हटलें, तरी दोन जिवांची सोय होईल.