संकटापूर्वींचें दान



दुष्काळ म्हटला कीं आपणां व्यापारी व जमीनदार मंडळींची थैली सुटते, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहों. परंतु आज आम्ही जें मागणार आहों, तें संकट येण्यापूर्वींचें दान आहे; आणि तें मागणें अवघड, हें आम्ही जाणून आहों.

दुष्काळ पायींपायीं येतो. मृग कोरडा जातो, विहिरींचे तळ दिसूं लागतात, बाजारांत बैलांचे भाव उतरतात. १९७२ सालच्या दुष्काळांत लोकांस खडी फोडण्याच्या व बंधाऱ्यांच्या कामांवर लावण्यास निदान अवधि मिळाला. भूकंप सांगून येत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत जमीन हादरली, तेव्हां गांवें गणपति बोळवून नुकतींच निजलीं होतीं. लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत आठ-दहा हजार माणसें गेलीं. रिश्टर मापावर सहाच्या वरचा तो धक्का. पण इतक्या मृत्यूंचें कारण जमिनींत जेवढें होतें, तेवढेंच घरांत होतें.

तें घर आपल्या परिचयाचें आहे. दोन-तीन फूट जाडीच्या दगड-चिखलाच्या भिंती. आंतला व बाहेरचा असे त्यांचे दोन थर, पण त्यांस सांधणारा आरपार दगड नाहीं. वर तुळयांवर पांढऱ्या मातीचें धाबें. तें गळलें कीं आणखी माती टाकावयाची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. थर वाढत हातभर होतो. वैशाखांत हें घर थंड राहतें, म्हणून त्याची सरसकट निंदा आम्हांस रुचत नाहीं. मात्र त्या पहांटे भिंती फुगून फुटल्या, दगड ढासळले, आणि निजलेलीं माणसें मातीखालीं गुदमरलीं.

पुढें पैसा जगभरांतून आला. जागतिक बँकेनें कर्ज दिलें. ५२ गांवें नव्या जागीं वसलीं. (सरळ रेषांत आंखलेल्या कित्येक वसाहतींत गुरें कोठें बांधावीं व कडबा कोठें रचावा, याचा विचार मात्र कोणी फारसा केला नाहीं.) आमच्या मतें अधिक मोलाची गोष्ट निराळी: उभीं घरें मजबूत करण्याची युक्ति. धाब्यावरील माती कमी करावी. भिंतीस जागोजाग आरपार भोंक पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरावें. छताखालून घरास पट्टा आंवळावा. गांवच्या गवंड्यास हें शिकविणें कठीण नाहीं, आणि नव्या घराहून खर्च पुष्कळ कमी.

‘आमच्याकडे कसला भूकंप?’ असें कोणी म्हणेल. १९९३ पूर्वीं किल्लारीचा मुलूखही नकाशांत सर्वांत कमी धोक्याचा दाखवीत असत. २०२४ च्या मार्चांत व जुलैंत हिंगोलीकडे धक्के बसलेच.

ज्यांचे वाडे गांवीं आहेत व त्यांत सालदारांचीं बिऱ्हाडें आहेत, त्यांनीं प्रथम तीं धाबीं स्वखर्चानें हलकीं करावीं. त्यास आमच्या फंडाची वाट पाहूं नये. व्यापाऱ्यांनीं सिमेंट, सळई दिली तरी आम्हांस रोख रकमेइतकीच उपयोगी आहे. प्रत्येक रकमेची पावती मिळेल, व कोणत्या गांवीं किती घरांवर ती खर्च झाली याचा हिशेब छापून पाठविण्यांत येईल. धाब्याची माती पावसापूर्वींच काढावी लागते. सबब वर्गणी होळीच्या आंत पोंचावी, ही विनंती.