बचतीचे ॲप आणि उडुपीची पिग्मी



संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय निवडायचा असतो, तेव्हा ‘बचतीची सवय लावणारे वेब-ॲप’ हा विषय अनेकांना सुचतो. विषय उत्तम आहे. परंतु अशा प्रकल्पाची सुरुवात सहसा खर्चाच्या नोंदीने होते आणि शेवटही तेथेच होतो. चहाचे दहा रुपये, झेरॉक्सचे वीस रुपये आणि महिनाअखेरीस एक रंगीत आलेख! तो पाहून हळहळ वाटते खरी, पण तोवर खिसा रिकामा झालेला असतो. गेलेल्या पैशाचा हिशेब म्हणजे बचत नव्हे.

बचतीची सवय कशी लागते, याचे उत्तर संगणकयुगाच्या पुष्कळ आधी उडुपीत सापडले होते. तेथे १९२५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपास आलेल्या संस्थेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव योजना सुरू केली. डॉ. टी. एम. ए. पै हे या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. बँकेचा प्रतिनिधी ठेवीदाराच्या दारी जाई आणि दोन आण्यांसारखी अल्प रक्कमही स्वीकारी. २०२० मध्ये ही बँक कॅनरा बँकेत विलीन झाली; पण महाराष्ट्रातील पतसंस्थांमुळे ‘पिग्मी’ हा शब्द येथील बाजारपेठांत आजही ओळखीचा आहे.

या योजनेचे बळ तीन गोष्टींत होते. रक्कम लहान, पण ठरलेली. वेळ रोजची, म्हणजे पैसा हाती खेळत असतानाची. आणि नोंद ठेवीदाराच्या डोळ्यांसमोर. दुकानदाराला रोज नव्याने मनोनिग्रह करावा लागत नसे. प्रतिनिधी दारात येणार, हे ठरलेलेच असे.

आधुनिक अर्थशास्त्रही याच निष्कर्षाप्रत आले. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्टझी यांनी २००४ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढील पगारवाढीतील काही भाग बचतीत जाईल, असे कर्मचाऱ्यांकडून आधीच ठरवून घेण्यात आले. सहभागी झालेल्यांच्या बचतीचे प्रमाण ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेले. त्यांना उपदेशाचे डोस पाजले नव्हते. निर्णय पैसा हाती येण्यापूर्वीच झाला होता, एवढेच. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून विद्यार्थ्यांच्या ॲपचा पहिला प्रश्न ‘आज किती खर्च केला?’ हा नसावा. ‘पैसे कोणत्या दिवशी येतात आणि त्यातील किती आधी बाजूला पडतील?’ हा असावा. बचतीला परीक्षा शुल्क, पुस्तके, गावी जाण्याचे भाडे असे नाव असावे. रोज दहा रुपये म्हणजे वर्षाला ३६५० रुपये, हे पडद्यावर दिसावे.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. ॲपने पैसा स्वतःकडे ठेवू नये. इतरांचा पैसा वॉलेटमध्ये ठेवण्यास रिझर्व्ह बँकेची अनुमती लागते. पैसा विद्यार्थ्याच्या बँक खात्यातच राहावा, ॲपने आठवण द्यावी आणि नोंद ठेवावी. पिन किंवा ओटीपी कधीही मागू नये. रक्कम पूर्णांकी पैशांत साठवावी, कारण संगणकाच्या द्विमान फ्लोटिंग-पॉइंट गणितात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तंतोतंत ०.३ येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते. तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, याचे भान असावे.

हा केवळ गुणांसाठी करायचा प्रकल्प नव्हे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि व्यवहार सुलभ झाले. पण नोट मोडताना होणारी मनाची चलबिचलही त्यासोबत गेली. त्याच फोनवर क्षणात कर्ज देणारी ॲपही आहेत. गावाकडून शेतकरी बापाने पाठवलेले पैसे पंधरवड्यात संपतात, शुल्काची तारीख येते आणि वसतिगृहातील मुलगा संकोचापोटी घरी कळवण्याऐवजी असे कर्ज काढतो. मग व्याज आणि वसुलीचे फोन त्याच्या अभ्यासाचा घास घेतात.

आणि ज्याच्याकडे महिनाअखेर खरोखरच काही उरत नाही, त्याचे काय? त्याला ॲपने हिणवू नये. खंड पडला तर लाल खूण करून लाजवण्याऐवजी दुसऱ्या दिवशी दोन रुपयांपासून पुन्हा प्रारंभ करू द्यावा. पिग्मीचा प्रतिनिधीही आज रित्या हाताने परतला, तरी उद्या हसतमुखाने दारात उभा राहतो.

म्हणून ॲप घडविणाऱ्यांनी ते मित्रांच्या हाती देण्यापूर्वी महिनाभर स्वतःच्या दहा-दहा रुपयांवर वापरून पाहावे. ते किती जणांनी उतरवून घेतले, ही यशाची कसोटी नव्हे. शुल्क भरण्याच्या दिवशी किती विद्यार्थ्यांना कोणापुढे हात पसरावा लागला नाही, ही खरी कसोटी होय.