पातेल्यावरची काळी टेप

मोबाईलच्या चार्जिंगच्या खाचेत बसणारा, काड्यापेटीएवढा थर्मल कॅमेरा आता वीस-तीस हजारांत मिळतो. घ्यावा का, असं वायरमनपासून शेतकऱ्यांपर्यंत बरेच जण मला विचारतात. मी तो रोज वापरतो.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. त्यातले 8 ते 14 मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण हा कॅमेरा टिपतो आणि त्यांवरून तापमानाचा हिशेब मांडतो. गोम आहे ती या हिशेबात.

घरी करून पाहा. चकचकीत स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा आणि कॅमेरा पातेल्याच्या पोटावर रोखा. आकडा येईल जेमतेम चाळीस-पन्नास. हात लावलात तर मात्र फोड येईल! आता जपून त्याच पोटावर वायरमनची काळी टेप दोन बोटं चिकटवा. टेपवर आकडा थेट नव्वदच्या घरात जातो. चकचकीत धातू स्वतःचे किरण फार थोडे सोडतो आणि समोरचे परतवतो. म्हणजे मघाशी कॅमेऱ्याला बरीचशी खोलीची आणि तुमच्या चेहऱ्याचीच ऊब दिसत होती. म्हणून उघड्या तांब्याच्या पट्टीवरचा आकडा मी कधीच खरा धरत नाही.

मग उपयोग कशाचा? तुलनेचा. एका सोसायटीच्या मीटररूममध्ये एकसारखा लोड असलेले तीन एमसीबी शेजारी-शेजारी होते. पडद्यावर दोन निळसर, म्हणजे गार; तिसऱ्याच्या टोकाशी पांढरा, म्हणजे तापलेला ठिपका. स्क्रू सैल होता. अशा वेळी एमसीबी बहुधा पडत नाही, कारण करंट जास्त नसतोच; सैल जोडापाशी तेवढीच जागा तापत राहते आणि एक दिवस वायर जळते. फक्त तपासण्याआधी गीझर, एसी वीसेक मिनिटं चालू हवेत. बंद लाइनवर काहीच दिसत नाही.

जवळही जावं लागतं. 256 गुणिले 192 ठिपक्यांच्या कॅमेऱ्यात एक मीटरवरून एक ठिपका साधारण चार मिलिमीटरचा, दहा मीटरवरून चार सेंटिमीटरचा. खांबावरचा स्क्रू त्यात विरघळून जातो.

भिंतीतली ओल निळी दिसते, कारण पाणी वाफ होताना भिंत गार करतं. पण भर पावसाळ्यात हवाच दमट असते, वाफ होत नाही आणि डाग पुसट होतो. काचेपलीकडचं तर मुळीच दिसत नाही. तापही यावर मोजू नका: दोन अंशांची चूक धरलीच आहे, म्हणजे 37 चे 39 होऊ शकतात.

आणि रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकरी बांधवांनो, माणूस किंवा रानडुक्कर यात लखलखीत दिसतं, साप मात्र दिसेलच असं नाही. त्याचं अंग बहुधा जमिनीएवढंच गरम असतं. बांधावर उतरताना बॅटरी, काठी आणि गमबूट सोडू नका.