बारीक माणसाला शुगर कशी? गोष्ट जन्माआधी सुरू होते

आजचा विषय घराघरातला आहे: शुगर.

आपल्याकडे एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "अहो, तो तर काडीसारखा बारीक, शेतात राबणारा. त्याला कशी काय शुगर?"

याचं उत्तर पुण्याजवळच्या सहा गावांत सापडतं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तिथे अभ्यास सुरू केला. बायकांच्या नोंदी गरोदरपणाच्या आधीपासून ठेवल्या, बाळं जन्मल्यावर मोजली, आणि पुढे वर्षानुवर्षं त्या मुलांना तपासत राहिले. बाळांचं सरासरी वजन होतं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. म्हणजे आपली बाळं लहानच. पण नीट मोजल्यावर कळलं, की कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीवालं बाळ!

मोठेपणीही तेच. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के.

आता एपिजेनेटिक्स. जीन म्हणजे पंखा समजा, तो आई-वडिलांकडून आला. पण तो किती जोरात फिरेल, हे रेग्युलेटर ठरवतो. आपल्या डीएनएवर मिथाइल नावाचे बारीक टॅग चिकटतात, ते या रेग्युलेटरचं काम करतात. आईच्या पोटात बाळ घडत असताना यातली बरीच सेटिंग होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. तेव्हा गर्भात रुजलेल्या लोकांची साठ वर्षांनी तपासणी झाली. वाढीशी संबंधित एका जीनवरचे टॅग त्यांच्यात त्यांच्या भावंडांपेक्षा कमी निघाले. भूक आईची, खूण लेकरावर.

हे टॅग तयार व्हायला फोलेट आणि बी-१२ लागतं. पुण्याच्या त्या अभ्यासात दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्या आयांचं फोलेट जास्त पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. बी-१२ मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटणातून. भाकरी-भाजीतून जवळपास नाहीच.

म्हणून काय करायचं? एक, ताटात दूध-दही, अंडं पोरीलाही मिळालं पाहिजे, आणि ते लग्नानंतर नाही, शाळेत असतानाच. घरात सगळ्यांनंतर उरलंसुरलं खाणारी आई, हा प्रेमाचा नाही, पुढच्या पिढीच्या तब्येतीचा प्रश्न आहे. दोन, गरोदरपणात साखर तपासा. वाढलेली साखरही बाळावर परिणाम करते. तीन, स्वतःची कंबर मोजा. पुरुष ९० आणि बायका ८० सेंटिमीटरच्या वर असतील, तर वजन कमी दिसलं तरी साखर तपासा.

आणि सुनेला दोष देऊ नका हं. तिचं शरीर तिच्या आईच्या ताटातून घडलंय. रेग्युलेटर जन्मभर अडकून बसतो असंही नाही. चालणं, जोर-बैठका, नीट झोप यांनी शरीर बदलतं. नशीब म्हणून सोडून देऊ नका.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. आणि आज रात्री आईचं ताट आधी वाढा. भेटू पुढच्या भागात!