न दिसणाऱ्या किरणांची लेखी नोंद
(८ नोव्हेंबर, क्ष-किरण दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासन विभागातर्फे केलेले भाषण)



८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या शोधाने मानवजातीचे जे कल्याण झाले ते आपण रोज पाहतो. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. आरंभीच्या काळात हे किरण हाताळणाऱ्या अनेक डॉक्टरांचे व तंत्रज्ञांचे हात भाजले, काहींना कर्करोग झाला, काहींनी प्राण गमावले. त्यांचे एक स्मारक १९३६ साली हॅम्बुर्ग येथील संत जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात उभारण्यात आले. त्यावर प्रथम १६९ नावे कोरली गेली व पुढे त्यांत भर पडत गेली.

आम्ही प्रशासनातील मंडळी वाणिज्य शाखेची. रोगनिदानाविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. मात्र वही कशी ठेवावी, हा आमचा विषय आहे. जी रक्कम रोजकीर्दीत लिहिली गेली नाही ती खतावणीत येत नाही आणि ताळेबंदातही दिसत नाही. क्ष-किरणांचेही असेच आहे. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, अंगावर पडताना ते जाणवतही नाहीत. म्हणून त्यांच्याबाबत लेखी नोंद हाच एक डोळा होय.

आपल्याकडे ही नोंद कर्मचाऱ्यांपुरती होते. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. त्यासाठी छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत, टीएलडी बॅज लावावयाचा असतो व दर तीन महिन्यांनी तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा असतो. एप्रनला लावलेला बॅज क्ष-किरण कक्षातच टांगून राहिला, तर माणसाला न मिळालेली मात्रा त्याच्या नावे जमा होते. बॅज घरी विसरला, तर मिळालेली मात्रा कोठेच जमा होत नाही. दोन्ही प्रकारे खाते खोटे ठरते.

रुग्णाला मात्र बॅज नसतो. त्याच्यासाठी वर्षाची मर्यादाही नाही, कारण तपासणी आवश्यक आहे की नाही हे डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. छातीच्या साध्या एक्स-रेची मात्रा फार अल्प, सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट असते. पोटाच्या सीटी स्कॅनची साधारणतः ८ ते १० असते, म्हणजे शेकडो साध्या एक्स-रेंइतकी. आवश्यक तपासणीला कोणी भिऊ नये. पण अनावश्यक, चुकीची वा दुबार तपासणी रुग्णाच्या पदरी पडली, तर ती केवळ आपल्याच वहीत दिसू शकते.

नोंदीकडे लक्ष नसले म्हणजे काय होते, याचे उदाहरण साधनसंपन्न अमेरिकेतील आहे. लॉस एंजेलिस येथील सीडर्स-सायनाय या नामांकित रुग्णालयात २००८ साली मेंदूच्या रक्तपुरवठ्याच्या सीटी तपासणीसाठी यंत्राची मांडणी बदलण्यात आली. त्यात दोष राहिला आणि रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट मात्रा मिळू लागली. सुमारे १८ महिने हे चालू होते. दोनशेहून अधिक रुग्णांना त्याची झळ पोहोचली. ऑगस्ट २००९ मध्ये एका रुग्णाने केस पुंजक्या-पुंजक्यांनी गळत असल्याचे कळविले, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. सीटी यंत्र मात्रेचा आकडा पडद्यावर दाखविते. तो आकडा रोज वहीत उतरविला जाऊन मागील आकड्याशी ताडला गेला, तर असा दोष १८ महिने लपून राहणे कठीण आहे.

आता आपल्या विभागाकडे वळू. घटना-नोंदवही कोरी असणे म्हणजे विभाग निर्दोष असणे नव्हे. वर्षभर ज्या रोखपालाच्या शिलकेत एका रुपयाचाही फरक आला नाही, त्याची वही हिशेबतपासनीस अधिक बारकाईने पाहतो. एकाच नावाचे दोन रुग्ण एकाच वेळी येणे, उजव्याऐवजी डाव्या गुडघ्याचा एक्स-रे निघणे, स्त्री रुग्णास गरोदरपणाविषयी विचारावयाचे राहणे, दारावरचा लाल दिवा बंद असणे, घडी घालून ठेवल्याने एप्रनमधील शिसे तडकणे, हे प्रसंग कोणत्याही क्ष-किरण विभागात घडू शकतात. ते वहीत का येत नाहीत?

कारण भीती. फिल्मच्या काळात वाया गेलेल्या फिल्मचा हिशेब तंत्रज्ञाला द्यावा लागे. त्या हिशेबाचा धाक होता, तरी वाया गेलेली फिल्म निदान टोपलीत सापडे. आता डिजिटल यंत्रावर बिघडलेले चित्र एक कळ दाबून पुसता येते. रुग्णाने मात्रा दोनदा घेतली, पण कागदावर एकच तपासणी राहिली. रात्रपाळीला एकटा असलेला, कंत्राटी नेमणुकीचा तरुण तंत्रज्ञ अशा वेळी काय करील? खरे लिहिले तर नोकरीवर गदा येईल आणि न लिहिले तर कोणास कळणार नाही, अशी परिस्थिती असेल, तर त्याच्या प्रामाणिकपणाची आपण फार कठीण परीक्षा घेत आहोत. दोष त्याच्या एकट्याचा नव्हे.

अमेरिकेत विमानचालकांना आपल्या चुका नाव गुप्त ठेवून कळविता याव्यात, अशी व्यवस्था १९७६ पासून नासा ही संस्था चालविते. विमानसेवेचे नियमन करणारी संस्था निराळी आणि चुका ऐकून घेणारी निराळी, हे त्यातील मर्म होय.

तेव्हा विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही पुढील गोष्टी जाहीर करीत आहोत. घडलेली चूक, तसेच होता होता टळलेली चूक, दोन्ही त्याच पाळीत लिहाव्यात. लिहिणाऱ्याने नाव देण्याची सक्ती नाही. केवळ नोंद केली म्हणून कोणाचे वेतन कापले जाणार नाही किंवा गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा येणार नाही. जाणूनबुजून लपविणे मात्र क्षम्य मानले जाणार नाही. पुसलेले प्रत्येक चित्र कारणासह मोजले जाईल. नोंदी दरमहा रेडिओलॉजिस्ट, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी व प्रशासन एकत्र बसून वाचतील आणि केलेली दुरुस्ती विभागाच्या फलकावर लावतील. जी घटना नियामक मंडळास कळविणे बंधनकारक आहे, ती विनाविलंब कळविली जाईल. ज्या रुग्णाची तपासणी चुकीने झाली, त्यास ते स्पष्ट शब्दांत सांगणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे व आमचे संयुक्त कर्तव्य राहील.

नव्या पद्धतीने नोंदींची संख्या प्रथम वाढेल. ती पाहून विश्वस्तांनी व देणगीदारांनी चिंतित होऊ नये, ही विनंती. येथे येणारा रुग्ण बहुधा गरीब असतो. त्याला मिलिसिव्हर्ट म्हणजे काय ते ठाऊक नसते आणि तो आपल्याला जाब विचारणार नाही. म्हणूनच त्याच्या वतीने जाब विचारणारी वही आपण ठेवली पाहिजे.