बेगमीला मुदत असते

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला ‘निवृत्तीनंतरचं आयुष्य’ यावर दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मी बोलणार आहे घरातल्या अडगळीवर. हसू नका, आपल्या वयाला हाच विषय जवळचा आहे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही भावंडांनी इथलं, राजूरचं घर आवरायला घेतलं. माळ्यावर नावं घातलेली भांडी, रिकाम्या बरण्या, तेलाचे डबे, सुतळीची गुंडाळी, आमची दहावीची पुस्तकंसुद्धा! ट्रंकेच्या तळाशी एक साडी निघाली. माझ्या पहिल्या पगारातून मी आईला घेतलेली. “चांगल्या प्रसंगाला नेसेन,” असं ती म्हणायची. साडी घडीवर विरली होती. उचलली, तर हातातच फाटली. आई मात्र शेवटपर्यंत दोन साड्या आलटून पालटून नेसत राहिली.

आधी मला तिचा राग आला. मग उमगलं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. मे संपायच्या आत धान्य, मीठ-मिरची, लाकूडफाटा, गोवऱ्या घरात यायलाच हव्यात. साठवणं हे तिचं शहाणपण होतं. पण त्या बेगमीला मुदत होती. नवा भात घरात येईपर्यंत कणगीचा तळ दिसायचा, फाटा संपायचा, घर पुन्हा मोकळं. वस्तूंना मात्र तशी मुदत नव्हती. “लागेल कधीतरी” म्हणून ठेवलं आणि ते ‘कधीतरी’ उजाडलंच नाही.

आपल्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनीही साठवणच केली, गावरान बियाण्यांची. पण बियाणं नुसतं ठेवून दिलं, तर त्याची उगवण जाते. ते पेरायचं, दुसऱ्या शेतकऱ्याला द्यायचं, पुन्हा नवं धरायचं. साठवण आणि अडगळ यांतला फरक मला इथं सापडला.

नाशिकला परतल्यावर स्वतःचं कपाट उघडलं. पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबश्या, खोक्यातून न काढलेला मिक्सर, घडी न मोडलेल्या नऊ साड्या. मी आईचीच लेक! तेव्हापासून दर दिवाळीला एकच प्रश्न विचारते: ही वस्तू गेल्या वर्षात वापरली का? नसेल, तर ज्याला हवी त्याला विचारून देते. फाटकं-तुटकं दान म्हणून देत नाही. कागदपत्रं आणि फोटो यांना हा नियम नाही. चांगल्या कपबश्यांतून आता आम्ही दोघंच रोज चहा पितो. आईची मोठी भांडी इथल्या बचत गटाला दिली. माझ्याकडे तिचा एक तांब्या ठेवला आहे, रोज पाण्याला वापरते.

जाता जाता संयोजकांना विनंती. पुढच्या मेळाव्यात शाल आणि स्मृतिचिन्ह नको. श्रीफळ चालेल, त्याच्या वड्या होतात.

आणि मघाशी मैत्रिणींनी विचारलं म्हणून सांगते. ही साडी माझ्या लेकीनं तिच्या पहिल्या पगारातून घेतली. परवा हातात आली, आज नेसले.